रक्ताची साक्ष जाणणारे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर

प्रतिनिधी, भिवंडी

केमोथेरपीचा डोस घेऊन रुग्ण घरी परततो. पहिले काही दिवस बरे जातात. आठव्या-दहाव्या दिवशी मध्यरात्री अंगात कणकण भरते आणि थर्मामीटरचा पारा १०१ अंशांवर जातो. खोकला नाही, जखम नाही, कुठे पू नाही. भिवंडीच्या एखाद्या चाळीत, बाहेर यंत्रमागांची रात्रपाळी धडधडत असताना, घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची, की आत्ताच निघायचे? परळचे टाटा रुग्णालय येथून सुमारे ४५ किलोमीटर. थेट लोकल नाही, आधी ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते. अशा वेळी साधा वाटणारा हा ताप कर्करोगापेक्षाही आधी जीव घेऊ शकतो, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.

रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वप्रथम घेतले जाते ते रक्त. काही मिलिलिटर रक्त नळ्यांतून आणि बाटल्यांतून प्रयोगशाळेकडे रवाना होते आणि रुग्णाने कधीही न पाहिलेली माणसे त्या रक्ताची साक्ष काढू लागतात. पांढऱ्या पेशी किती उरल्या आहेत? सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही प्रथिने वाढली आहेत का? बाटलीत जंतू वाढतो आहे का? कर्करोगाच्या रुग्णालयात प्रयोगशाळेला हे मानाचे स्थान आपोआप मिळालेले नाही. मुंबईत ते ज्यांनी मिळवून दिले, त्यांत पहिले नाव घ्यावे लागते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते. सर्वसामान्य वाचकाच्या स्मरणातून मात्र हे नाव जवळजवळ पुसले गेले आहे.

लंडन ते परळ

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी परदेशातून उच्च पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत खासगी व्यवसायाचे दार सताड उघडे असे. खानोलकरांनी निवडलेला मार्ग निराळा होता. त्यांनी अध्यापन आणि संशोधन पत्करले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. भारतीय डॉक्टरांनीच चालवावे या निर्धाराने हे दुसरे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय उभे राहिले होते. भारतीयांच्या हाती संशोधन टिकेल का, अशी शंका उघडपणे घेतली जाण्याचे ते दिवस होते.

विकृतिशास्त्र हा वैद्यकातील पडद्यामागचा विषय. शल्यविशारदाचे नाव घरोघरी पोहोचते, पण काढलेल्या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती कोणती गाठ आहे हे ठरवणारा माणूस अनामिकच राहतो. वास्तविक पुढची सारी दिशा त्याच्या निर्णयावर अवलंबून असते. खानोलकरांनी आयुष्यभर हेच काम केले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यासाठी घडवल्या. १९४९ मध्ये देशातील विकृतिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. ऊतींचे दोष पाहणारे आणि जंतूंचा शोध घेणारे अशा दोन्ही शास्त्रांचे अभ्यासक या संघटनेत एकत्र आले, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

रक्ताच्या कर्करोगातून उभे राहिलेले रुग्णालय

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय ज्यांच्या स्मृतीतून उभे राहिले, त्या लेडी मेहेरबाई टाटा यांचा मृत्यू १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने झाला. विलायतेतील उत्तमोत्तम उपचारही त्यांना वाचवू शकले नाहीत. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी भारतातही अशा उपचारांची सोय व्हावी हा ध्यास घेतला, पण पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने हे काम तडीस नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुमारे ८० खाटांचे हे रुग्णालय सुरू झाले. प्रयोगशाळा व संशोधन विभागाच्या संचालकपदी खानोलकर आले. तेव्हा त्यांचे वय होते ४५ वर्षे.

दुसरे महायुद्ध सुरू होते. परदेशी उपकरणे आणि रसायने मिळणे दुरापास्त होते. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, भारतात तो फारसा नाही, असा समज डॉक्टरांतही रूढ होता. या समजाला उत्तर द्यायचे तर वादविवादाचा उपयोग नव्हता, नोंदी हव्या होत्या. खानोलकरांनी तेच केले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

पाठोपाठ १९४५ मध्ये, सहकारी सूर्याबाई यांच्यासह, त्यांनी भारतातील राहणीशी निगडित अशा तीन कर्करोगांची नोंद जगापुढे मांडली. पेटती बाजू तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूचा कर्करोग होतो. चुना मळलेली खैनी खालच्या ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच होतो. आणि कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने घर्षण होणाऱ्या त्वचेवरही तो उद्भवतो. वैद्यकाच्या ग्रंथांत धोती कर्करोग हे नाव रूढ झाले ते या नोंदीमुळे.

भिवंडीकरांना यातील दोन गोष्टी परक्या नाहीत. मागावर विणलेले कापड हा या शहराचा श्वास आहे आणि बारा-बारा तासांच्या पाळीत झोप उडवण्यासाठी ओठाआड धरलेली खैनी हे येथील असंख्य कामगारांचे नित्याचे व्यसन आहे. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगाराच्या तोंडातील तो चट्टा खानोलकरांनी आठ दशकांपूर्वी ओळखला होता. सूक्ष्मदर्शकातील पेशीचा अर्थ लावायचा तर ती पेशी ज्या माणसाची आहे त्याचे जगणेही ठाऊक असले पाहिजे, ही त्यांच्या संशोधनाची खरी शिकवण.

रक्तातील खुणा

खानोलकरांचे लक्ष गाठींपुरते मर्यादित नव्हते. रक्त हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. डॉ. एल. डी. संघवी यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांत रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एकाच शहरात शेजारी राहणाऱ्या माणसांच्या रक्तातील खुणांत फरक असतो आणि तो मोजता येतो, हे त्या पाहणीने दाखवले. त्याच परळ परिसरात १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला दुर्मीळ रक्तगट आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या प्रयोगशाळांत रक्ताची भाषा वाचण्याची एक परंपरा त्या काळात आकाराला येत होती.

१९५२ मध्येच केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे याच परंपरेत घडल्या. त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाला आरंभ केला, पुढे मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि या संस्थेची धुराही सांभाळली. १९६२ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत गेले आणि १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र आले. संशोधन शाखेचा विस्तार पुढे नवी मुंबईत खारघर येथे झाला.

जंतू वाढेपर्यंतची प्रतीक्षा

खानोलकरांच्या कार्याचा आणखी एक पैलू कुष्ठरोगाचा आहे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात, सुरुवातीच्या चट्ट्यांत नेमके काय घडते, याचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. संस्थेच्या नावावरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला. पुढील संशोधनात तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या दूरच्या नात्यातील, दुसऱ्याच गटाचा असल्याचे दिसून आले. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढवणे आजतागायत कोणालाही साधलेले नाही. तरीही त्या जंतूपासून तयार केलेल्या लशीची दक्षिण भारतात मोठी चाचणी झाली आणि तिने कुष्ठरोगापासून काही प्रमाणात संरक्षण दिल्याचे आढळले.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, बाटलीत वाढलेला जंतू म्हणजे शेवटचा शब्द नव्हे आणि जंतू वाढला नाही म्हणजे संसर्ग नाही असेही नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाच्या तापात हाच पेच रोज उभा राहतो.

केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींचा नाश करतात. त्यात अस्थिमज्जेतील पेशीही सापडतात. परिणामी साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशी कमालीच्या घटतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या ५०० पेक्षा कमी झाल्या की शरीराची तटबंदी कोसळल्यासारखीच असते. पू हा मुख्यतः याच पेशींचा बनतो. त्या नसल्या की पू नाही, सूज नाही, छातीच्या एक्स-रेतही खूण दिसेलच असे नाही. उरतो फक्त ताप. आतड्यातील किंवा त्वचेवरील जंतू रक्तात शिरून काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. पेशींची संख्या आणि संसर्ग यांचे हे नाते १९६६ मध्ये अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी स्पष्टपणे मांडले. जंतू सापडण्याची वाट न पाहता ताप येताच प्रतिजैविके सुरू केली तर प्राण वाचतात, हे १९७१ मध्ये बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी दाखवून दिले. खानोलकर तेव्हा हयात होते.

आजही जंतूचा पक्का पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, अर्थात रक्तातील जंतू पोषक द्रवात वाढवून पाहण्याची चाचणी. परंतु तिला वेळ लागतो. पहिली चाहूल बहुधा एक-दोन दिवसांत मिळते आणि निर्जंतुक असल्याचा निर्वाळा देण्यासाठी बाटल्या साधारणतः पाच दिवस ठेवाव्या लागतात. शिवाय पेशी घटलेल्या आणि ताप आलेल्या १०० रुग्णांपैकी साधारण १० ते २५ जणांच्याच रक्तात जंतू सापडतो. उरलेल्यांचे काय, हे कल्चर सांगत नाही.

इशारा आणि निकाल

ही पोकळी भरण्यासाठी रक्तातील रासायनिक खुणांचा आधार घेतला जातो. सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. ते यकृतात तयार होते. त्यामुळे पांढऱ्या पेशी संपल्या तरी ते वाढू शकते, हा कर्करोगाच्या रुग्णांत त्याचा मोठा फायदा. मात्र ते शस्त्रक्रियेनंतर वाढते आणि खुद्द कर्करोगाच्या गाठीमुळेही वाढते, हा त्याचा दोष.

प्रोकॅल्सिटोनिनचे महत्त्व १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी पुढे आणले. एरवी रक्तात नगण्य असणारे हे प्रथिन जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाल्यास काही तासांत झपाट्याने वाढते. साध्या विषाणूजन्य तापात ते सहसा तितके वाढत नाही. तरीही थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगात ते संसर्गाविनाही वाढलेले असते आणि काही वेळा रक्तात जंतू असूनही पहिल्या तासांत ते कमीच दिसते. यांच्या जोडीला रक्तातील लॅक्टेट शरीरातील पेशींना पुरेसा रक्तपुरवठा होतो आहे की नाही याचा अंदाज देते.

म्हणूनच तज्ज्ञांचा दंडक असा की, या खुणा डॉक्टरच्या निर्णयाला बळ देतात, त्याची जागा घेत नाहीत. वाढलेला आकडा सावध करतो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतार अधिक बोलका असतो. परंतु पेशी घटलेल्या रुग्णाला ताप असताना पहिला आकडा सामान्य आला म्हणून प्रतिजैविक रोखून धरणे धोक्याचे. कल्चरसाठी रक्त घ्यायचे आणि शक्यतो तासाभराच्या आत पहिला डोस द्यायचा, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. जंतूची ओळख पटल्यावर मात्र औषध बदलणे वा कमी करणे तितकेच आवश्यक, कारण प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हे आपल्या रुग्णालयांपुढील मोठे संकट आहे.

या चाचण्या खानोलकरांनी शोधलेल्या नाहीत आणि प्रोकॅल्सिटोनिनचा असा उपयोग पाहण्यास ते हयातही नव्हते. परंतु एका खुणेवर विसंबू नये, खुणांचा मेळ माणसाशी घालावा, ही जी शिस्त त्यांनी धोतर, खैनी आणि रक्तगट यांच्या अभ्यासात पाळली, तीच आज तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या अहवालाला लागू पडते.

मानसन्मान आणि अखेर

स्वातंत्र्योत्तर काळात खानोलकरांवर अनेक जबाबदाऱ्या आल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अण्वस्त्र चाचण्यांमुळे जगभर किरणोत्साराची धास्ती पसरली असताना, त्याच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. दहा वर्षे त्यांनी राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून काम केले. केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक शोधनिबंध आहेत. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे मोल पुरस्कारांच्या यादीतून कळत नाही. ते कळते मध्यरात्री उजेड असलेल्या प्रयोगशाळेत. तेथे कोणी तंत्रज्ञ एका अनोळखी माणसाचे रक्त यंत्रात ठेवत असतो आणि त्याने कळवलेल्या आकड्याची वाट वॉर्डातील निवासी डॉक्टर पाहत असतो.

ही साखळी सुरू होते ती मात्र घरातून. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या घरी थर्मामीटर हवा. ताप एकदाही १०१ अंश फॅरनहाइटवर गेला किंवा १०० पूर्णांक ४ अंशांवर तासभर टिकला, तर तो साधा ताप समजू नये. गोळी देऊन ताप दडवून सकाळची वाट पाहणे घातक ठरू शकते. उपचार करणाऱ्या रुग्णालयाला दूरध्वनी करावा, फाइल सोबत घ्यावी आणि परळ दूर वाटत असेल तर जवळच्या सुसज्ज रुग्णालयात केमोथेरपीची तारीख सर्वप्रथम सांगावी. कल्चरसाठी रक्त आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस या दोन्ही गोष्टी तेथेही होऊ शकतात.

रक्त साक्ष द्यायला तयार असते. ती वाचणारी माणसे आणि प्रयोगशाळा खानोलकरांसारख्यांनी आपल्यासाठी उभी करून ठेवली आहे. ते रक्त वेळेत तिथवर पोहोचवणे, एवढे काम आपल्याकडे उरते.